निळी चाळण

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नवरा काय करतो, मासे खाता का, पाहुणे किती येतात, यातलं काहीएक विचारलं नाही. पडवीत उभं राहून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माहेर कुठलं?"

"लांजा."

"तिकडे सध्या कुणी विहीर खणतंय का?"

मी म्हटलं, माहीत नाही बाई. त्यांचा चेहरा असा काही पडला, की मला वाटलं, गेली खोली हातची. तेवढ्यात आतून काकू आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "अगो, घाबरू नको. हे सगळ्यांना हेच विचारतात. काल गॅसवाल्यालासुद्धा विचारलंनीत." खोली मला मिळाली. मांडवीला, समुद्राचा आवाज घरात येईल इतकी जवळ. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. मी सरकारी कचेरीत टेबलाला. म्हणजे संध्याकाळ आणि रविवार रिकामे. ही गोष्ट घरमालकांनी त्याच दिवशी हेरून ठेवली असणार.

ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अर्धी रत्नागिरी त्यांना सरच म्हणायची. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी शून्य नंबरचा ब्रश, आणि उजव्या हाताची बोटं कायमची निळी. मला आधी वाटलं, काहीतरी त्वचेचं दुखणं असेल. पहिला महिनाभर त्यांच्या हातचं काही खायचं म्हणजे मी दोनदा विचार करायची.

आता विहिरींचं सांगते. आपल्याकडे वर जांभा दगड. तो फोडत खाली गेलं की काही ठिकाणी, सगळीकडे नव्हे, निळसर करडी चिकणमाती लागते. घट्ट, साबणाच्या वडीसारखी कापता येणारी. त्यात काळं पडलेलं, अर्धवट कोळसा झालेलं लाकूडही सापडतं. विहीर खणणाऱ्याला ही माती म्हणजे डोक्याला ताप. ढासळते, पाण्याला वास येतो. सरांना ती दिसली की मात्र हर्ष मावायचा नाही. त्यांचं म्हणणं असं, की कोटी कोटी वर्षांपूर्वी ही माती साचत होती तेव्हा समुद्र तिथपर्यंत आत आलेला होता. आणि समुद्र आला तर त्यातले जीवही आलेच असणार. रव्याच्या दाण्याहून बारीक, एकाच पेशीचे, पण स्वतःभोवती शंखासारखं घर बांधून राहणारे. त्यांचं शास्त्रातलं नाव फोरॅमिनिफेरा. सर त्यांना 'मंडळी' म्हणायचे. "आज मंडळी येतील असं वाटतंय," असं ते एकदा सकाळी म्हणाले आणि घरी आलेल्या काकूंच्या बहिणीने बिचारीने चार वाट्या जास्तीचे तांदूळ धुतले.

पण मंडळी काही येत नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी ती माती धुतली. लाकूड मिळालं, पानांचे ठसे मिळाले, फुलांचे परागकण मिळाले. सगळं तळ्याकाठचं, दलदलीतलं. समुद्राचं एक चिन्ह नाही. त्यांचाच एक विद्यार्थी पुण्याला मोठा प्रोफेसर झाला होता आणि त्याने लेख लिहून टाकला होता की ही माती गोड्या पाण्यातली आहे. सरांनी तो लेख प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. "चांगला लिहिलाय हो," ते सांगायचे. "चुकीचा आहे, पण लिहिलाय फार चांगला."

वेळेचं तर त्यांचं गणितच वेगळं. दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तर घड्याळ दाखवायचे, आणि कोटी वर्षांपूर्वीच्या गोष्टीला "परवा" म्हणायचे. "परवा इथे पाणी होतं गो," असं ते जिन्याच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाले, तेव्हा मी पाय उचलून पाहिला होता, शप्पथ.

तालुक्यातल्या झाडून सगळ्या विहीर खणणाऱ्यांकडे त्यांचा मोबाईल नंबर होता. कुणाचाही कधीही फोन यायचा, "सर, निली लागली!" की सर निघाले. नातीच्या बारशात बायका पाळणा म्हणत होत्या, हे आजोबा म्हणून पुढ्यातच बसलेले, आणि खिशात फोन वाजला. पाळणा संपेपर्यंत आजोबा गायब. संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत मातीने माखून. काकू महिनाभर धड बोलल्या नव्हत्या. लग्नात पंगतीला बसले की शेजाऱ्याला "विहीर किती खोल?" आणि कुणाच्या दहाव्याला गेले तरी परतीच्या वाटेवर तेच. लोक हसायचे, पण विहीर खणायला घेतली की पहिला फोन त्यांनाच करायचे.

घरात काकूंच्या वस्तू सुरक्षित नव्हत्या. चहाची गाळणी, पुरणाची चाळण, मोठं पातेलं, सगळं मागच्या पडवीत मातीच्या सेवेला. "ह्यांनी माझं दिवाळसणाचं पातेलं नेलंनीत," हे काकू मला इतक्या वेळा सांगायच्या, की ते पातेलं माझ्याच लग्नातलं असल्यासारखं मला वाईट वाटायला लागलं. मायक्रोस्कोप देवघरात. का, तर तिथली जमीन हलत नाही आणि उजेड चांगला. देवांच्या शेजारी ते यंत्र बसलेलं असायचं. काकू रोज देवांना फूल वाहताना त्याच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकायच्या आणि खंडेनवमीला मात्र त्यालाही झेंडू वाहायच्या.

एका रविवारी सर जिन्याखालून ओरडले, "डोळे चांगले आहेत का गो तुझे?" मी हो म्हटलं आणि अडकले. मांडवीची काळी वाळू त्यांनी काळ्या ताटलीत पसरून भिंगाखाली ठेवली. समुद्राच्या वाळूत हल्लीची, ताजी मंडळी भरपूर असते. शिकायला तीच बरी. मी अर्धा तास डोळा लावून बसले. "सर, काही दिसत नाही."

"उत्तम. आता बघायला सुरुवात झाली."

आणि खरंच, थोड्या वेळाने त्या काळ्या खड्यांमध्ये एक पांढरी, वळ्यावळ्यांची, इवलीशी चकली दिसली. कोणीतरी बसून केल्यासारखी रेखीव. काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी त्या पुळणीवरून चपला हातात घेऊन चालत होते आणि हे सगळं पायाखाली होतं. त्या दिवसापासून माझे रविवार गेले ते गेलेच.

काम सोपं होतं, पण सोवळ्याचं. माती वाळवायची, धुण्याचा सोडा घालून उकळायची, मग बारीक जाळीच्या पितळी चाळणीतून नळाखाली धुवायची. चिखल वाहून जातो, चाळणीत चिमूटभर गाळ उरतो. तो वाळवून भिंगाखाली पसरायचा आणि ब्रशचं टोक किंचित ओलं करून एकेक दाणा उचलायचा. आणि प्रत्येक धुण्यानंतर चाळण नीळ घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवायची. कपड्यांची नीळ नव्हे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीतली, एक थेंब सांडला तर जन्माची निळाई देणारी. सरांची बोटं निळी ती त्यामुळे. हे नीळ प्रकरण कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. पूजेआधी पाणी शिंपडतात, तसं सरांचं काहीतरी असेल, असं धरून चालले. हीच माझी चूक.

त्या मे महिन्यात सरांच्या मुलाने मागच्या पडवीला पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवून दिल्या. काकूंना केवढा आनंद! तिसऱ्या दिवशी सरांनी तिथे नीळ सांडली. काकू ओरडल्या नाहीत, रडल्या. मुलगा आणि सून आठ दिवसांनी राहायला येणार होते. काकूंनी गुपचूप ती बाटली कुळथाच्या डब्यात पुरली आणि मला म्हणाल्या, "आठ दिवस, फक्त आठ दिवस. तू काही बोलू नको हो."

नेमके तेव्हाच सर बहिणीकडे सांगलीला निघाले. जाताना मला म्हणाले, "जयगडच्या रस्त्यावर शांतारामच्या विहिरीत निळी माती लागलीय. पिशवी वाळून तयार आहे, तेवढी धुऊन ठेव. त्याआधी तू वाळू धुतली आहेस, तेव्हा चाळणीला नीळ." मी मान डोलावली. मग मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. चाळण नळाखाली पाच वेळा धुतली, चांगली घासून धुतली, आणि शांतारामची माती त्यातून काढली. सांगलीहून फोन आला, "नीळ केलीस ना?"

"हो सर," मी म्हटलं. इतकं सहज निघालं तोंडातून, की खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही.

सर परत आले, देवघरात बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली. साधी हाक नव्हे. मी दात घासता घासता खाली धावले. मंडळी आली होती! त्या दिवशी पाच, पुढच्या दोन दिवसांत आणखी सहा. अकरा. सर मासेवालीला थांबवून सांगत होते, पोस्टमनला भिंगातून दाखवत होते. पुण्याच्या त्या विद्यार्थ्याला फोन केला, "रविवारी ये. आली बरं का मंडळी." काकूंनी सांज्याच्या पोळ्या केल्या. मीही नाचत होते. इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून आले तर सर अकरा दाणे चिकटवलेली पट्टी उजेडात धरून बसले होते. "बघ," ते म्हणाले, "सगळी पांढरी आहेत. एक निळा नाही. आता तो काय बोलणार?"

"म्हणजे?"

"अगो, नीळ कशाला करतो आपण? आधीच्या वाळूतलं एखादं चाळणीत अडकून राहिलं, तर ते निळं होतं. पुढच्या मातीत निळं दिसलं की ते घुसखोर. पांढरं दिसलं म्हणजे मातीतलंच. हा सगळा पुरावा पांढरेपणाचा आहे."

म्हणजे ती अकराची अकरा मांडवीच्या वाळूतली असू शकत होती. आणि हे फक्त मला माहीत होतं. मी वर गेले, जेवले नाही. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी सांगते त्यांना. बाटली मी लपवली." मी म्हटलं, "काकू, बाटली तुम्ही लपवलीत, पण हो मी म्हटलं." रविवारी पुण्याचा माणूस येणार, सर त्याच्यापुढे ती पट्टी ठेवणार, आणि चाळीस वर्षांचं त्यांचं म्हणणं माझ्या त्या एका 'हो'वर उभं राहणार. गप्प बसले असते तर कुणालाही कधीही कळलं नसतं. हेच मला सहन होईना.

शनिवारी सकाळी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. सरांनी चष्मा काढला.

"अकराच्या अकरा?"

"माहीत नाही सर."

"हं. मलाही नाही." एवढंच म्हणाले. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी ती पट्टी घेतली, लेबलावरचं 'शांतारामची विहीर' खोडलं आणि वर लिहिलं, 'कुठली, सांगता येत नाही.' लिहून झाल्यावर म्हणाले, "शांतारामला फोन लाव."

शांतारामला ते रोज फोन करत असल्यासारखा तो बोलला. "सर, गवंडी सकालधरनं बसलेत. तळाचे चिरे लागले. संध्याकालपावेतो माती झाकनार बगा. यायचं तं आत्ता या." विहिरीला एकदा आतून चिऱ्याचं बांधकाम झालं की ती माती कायमची बंद. मी स्कूटर काढली, सर मागे बसले. काकूंनी फक्त एक अट घातली, "ह्यांना आत उतरू द्यायचं नाही."

म्हणजे उतरायचं कुणी, ते ठरलंच. शांतारामने कमरेला दोर बांधला, गवंड्यांनी शिडी धरली, आणि मी, जिला स्टुलावर चढून पंखा पुसताना चक्कर येते, ती विहिरीत उतरले. खाली गार वाटत होतं आणि कुजक्या पानांचा वास येत होता. समोर हातभर उंचीचा निळसर पट्टा तेवढा उरला होता, खाली चिरे, वर जांभा. वरून सरांचा आवाज, "वरची साय काढून टाक! वीतभर आत जा! पहारीला हात लावू नकोस, कोरी सुरी घे!"

"वयनी, पाय जपून टाका," शांताराम ओरडला. "सरांचं काय, त्ये वरच उभे हायत!"

मी रडत होते आणि हसतही होते. वीतभर आतली माती कापून नव्या कापडी पिशवीत भरली. मी वर आले तेव्हा गवंड्यांनी थेट पुढचा चिरा उचलला.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. एका हातात निळीची बाटली, कुळीथ चिकटलेली, दुसऱ्या हातात दिवाळसणाचं पातेलं. "घ्या," म्हणाल्या. "फरशी गेली खड्ड्यात." सरांनी बाटली घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"चाळणीला नीळ तू कर. मी जरा पडतो."

काकूंना राहवलं नाही. "अहो, पुन्हा तिलाच?"

"मग कुणाला? कशासाठी करायची ते आता तिला कळलंय," म्हणाले आणि खरंच आत जाऊन झोपले. मी पडवीत बसून चाळण बुडवली. माझी दहाही बोटं निळी झाली, फरशीवर नवं तळं झालं, काकू शेजारी बसून मोबाईलमधलं घड्याळ बघत होत्या. संध्याकाळपर्यंत पंख्याखाली वाळवलेली माती उकळून, धुऊन, गाळ ताटलीत पसरून ठेवला.

रविवारी दहाला पुण्याचे प्रोफेसर आले. मला वाटलं होतं, सुटाबुटात येतील. निघाला केस पिकलेला साधा माणूस, हातात सरांसाठी बाकरवडी. त्यांनी बूट काढायच्या आत सर म्हणाले, "अकरा रद्द. माझी चाळण अस्वच्छ होती."

माझी, असं म्हणाले ते. मी मागे उभी होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

"मग मी उगाच आलो का सर?"

"छे छे. नवी माती आहे. बस."

आळीपाळीने तिघं बसलो. आधी निळे निघाले. एक, दोन, मग आणखी दोन. वाळूतले घुसखोर, चाळणीत दडून बसलेले. प्रत्येक निळ्याला सर हसत म्हणायचे, "या, या. मांडवीकर." मला प्रत्येक निळा सुईसारखा टोचत होता, पाच वेळा धुऊनही जे गेले नव्हते, ते हे. पांढरा एकही नाही. जेवणं झाली, फणसाची भाजी झाली, आमरस झाला. सर खुर्चीत पेंगायला लागले. मला वाटलं, आता त्यांनी थांबावं. ज्या गोष्टीची वाट बघत चाळीस वर्षं गेली, ती नाही म्हणून आज कळावं, तेही माझ्यामुळे, हे फार होत होतं.

प्रोफेसर डोळा लावून बसले होते. बऱ्याच वेळाने, भिंगावरून मान न उचलता, ते म्हणाले, "सर."

सर जागे झाले. "निळा?"

"नाही."

सर उठले, वाकले, बघत राहिले. मीही पाहिलं. अर्धा फुटलेला, मळका पांढरा, आत ती करडी माती गच्च भरलेली. वाळूतल्यांसारखा चकचकीत नव्हता, म्हातारा होता. पण वळ्यावळ्यांचा. सर काही ओरडले नाहीत. नुसते "आलात," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

"एकच आहे सर," प्रोफेसर हळूच म्हणाले.

"एक तर आहे."

प्रोफेसरांनी वही काढली. पेन उघडलं आणि थांबले. त्यांना विचारायला जड जात होतं, हे दिसत होतं. "सर, लिहायचं तर मला विचारावंच लागेल. चाळणीला नीळ झाली होती, हे नक्की कोण सांगेल?"

"ही सांगेल," सर म्हणाले. "नीळ हिनं केलीय. ही सांगेल ते लिही." आणि मी काय सांगते ते ऐकायलाही न थांबता ते आत गेले, काकूंना चहा टाक म्हणून सांगायला.

मी प्रोफेसरांसमोर बसले. काल चाळण किती वेळ बुडवली, पाणी किती वेळा बदललं, नीळ किती घातली, जाळी उलटी करून पुन्हा कशी बुडवली, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते मान खाली घालून लिहून घेत होते.